दलदलीला पडीक म्हणू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दलदल म्हटलं की तिच्या आधी पडीक हा शब्द आपोआप येतो, पेपरात पण, भाषणात पण. तुमच्या पुरवणीतही परवा तोच वाचला आणि राहवलं नाही म्हणून लिहितोय.

पडीक, पण कोणासाठी? इंग्लंडच्या पूर्वेला फेन्स नावाचा भलामोठा पाणथळ पट्टा होता. तिथली लोकं मासे आणि पाणपक्षी धरायची, लव्हाळी कापून घरं शाकारायची, उन्हाळ्यात पाणी ओसरलं की तिथंच गुरं चारायची, म्हणजे पिढ्यानपिढ्या त्यांचं पोट त्या चिखलावरच चाललेलं. १६३० च्या दशकात बेडफर्डचा अर्ल, म्हणजे एक बडा सरदार, आणि पैसे लावणारे काही लोक एकत्र आले, कॉर्नेलिअस व्हरमुइडन या डच इंजिनिअरला हाताशी धरून कालवे खणले आणि बदल्यात जमिनीचे मोठे वाटे घेतले. ज्यांची चराई गेली त्यांनी बांध फोडले, दंगे केले, पण शेवटी चाललं पैसेवाल्यांचंच.

आणि पुढं काय झालं तेच कोणी सांगत नाही. ती माती पीटची होती, म्हणजे हजारो वर्षं पाण्याखाली अर्धवट कुजत पडलेल्या झाडपाल्याचा थर. पाण्यात आहे तोवर ती टिकते, पाणी काढलं की स्पंज वाळावा तशी आक्रसते, हवा लागली की उरलेली कुजून हवेत कार्बन डायऑक्साइड होऊन जाते आणि वरची कोरडी झालेली वाऱ्यावर उडते. मग जमीन खाली, नदी वर, पाणी आपोआप वाहून जाईना म्हणून पवनचक्क्या आल्या, त्या पुरेनात म्हणून वाफेची इंजिनं, मग डिझेल, आता वीज. आजही तिथे बऱ्याच ठिकाणी नदी शेतांपेक्षा उंचावरून वाहते आणि पंप बंद ठेवून चालत नाही.

याच पट्ट्यात होम फेन इथे एक लोखंडी खांब आहे. १८५१ च्या सुमाराला शेजारचं व्हिटलसी मिअर हे तळं पंप लावून आटवलं तेव्हा जमीन किती खचते ते बघायला तो पुरला होता, वरचं टोक जमिनीच्या बरोबरीला ठेवून. आज तो सुमारे ४ मीटर बाहेर आलाय. खांब जागेवरच आहे हो, जमीन गेलीय!

सगळंच चुकलं असं नाही म्हणत मी. हिवतापानं माणसं मरत होती आणि पोटाला धान्यही लागतंच. डच लोकांनी १६१२ मध्ये पवनचक्क्यांनी बीमस्टर हे अख्खं सरोवर आटवलं, तिथे आजही उत्तम शेती होते, कारण तळाला समुद्री चिकणमाती निघाली. म्हणजे खाली काय आहे ते आधी बघायला हवं, आणि तेच बघितलं जात नाही. इस्रायलमध्ये १९५० च्या दशकात हुला सरोवर आणि भोवतीची दलदल सुकवली, कारणं तीच दोन, मलेरिया आणि शेतजमीन. पीट वाळलं, खचलं, जमिनीच्या आत आगी धुमसायला लागल्या, मातीतली नायट्रेटं वाहत गॅलिली सरोवरात म्हणजे पिण्याच्या पाण्याकडे जायला लागली. १९९४ मध्ये थोड्या भागात परत पाणी सोडावं लागलं. तिथला एक बेडूक नामशेष म्हणून जाहीर करून झाला होता, तो २०११ मध्ये जिवंत सापडला, ही बातमी वाचून मला खरंच भरून आलं होतं.

एवढंच मागणं आहे की या विषयावर पुन्हा काही छापलंत तर पडीक हा शब्द गाळा, आणि त्या होम फेनच्या खांबाचा फोटो टाका, शेजारी माणूस उभा असलेला.

आपला,
एक नियमित वाचक