फुंकर नको, आधी स्क्रीन बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीत जुन्या हँडहेल्ड, म्हणजे हातात धरून खेळायच्या, गेम कन्सोलवर लेख आला होता, वाचायला मजा आली, पण ‘गेम लोड होत नसेल तर’ ह्या चौकटीत दोनच सल्ले होते, एक म्हणजे कॅसेटमध्ये जोरात फुंकर मारा आणि दुसरा म्हणजे तरी नाही चाललं तर मशीन गेलं समजा. दोन्ही चूक आहेत आणि ते वाचून कोणीतरी चांगलं मशीन भंगारात देईल म्हणून हे लिहितोय. जमलं तर दुरुस्ती छापा.

फुंकरीचं आधी सांगतो. फुंकर मारल्यावर गेम चालू झाला असं ज्यांना वाटतं त्यांचा गेम खरं तर कॅसेट काढून परत घातल्यामुळे चालू होतो, कारण आत-बाहेर करताना कॅसेटच्या तोंडाशी असलेल्या धातूच्या पट्ट्या (कॉन्टॅक्ट) आणि स्लॉटच्या, म्हणजे मशीनच्या खाचेतल्या, पिना एकमेकांवर घासतात आणि वरचा काळपट थर थोडा निघतो. फुंकरीतून आत जाते ती फक्त ओल, आणि त्या ओलीने पट्ट्या अजून लवकर खराब होतात.

आता मुद्द्याचं. ही मशीन बिघडल्यावर गप्प बसत नाहीत, बिघाड कुठेय ते बऱ्यापैकी स्क्रीनवरच दाखवतात, फक्त ते वाचता आलं पाहिजे. निंटेंडो कंपनीचा १९८९ चा पहिला गेम बॉय घ्या. चालू केल्यावर वरून निंटेंडोचा लोगो सरकत खाली येतो ना, तो लोगो मशीन कॅसेटमधून वाचून दाखवतं, एकूण ४८ बाइट्स, आणि मग ते आपल्या आतल्या प्रतीशी ताडून बघतं. जुळलं तर गेम सुरू, नाही जुळलं तर तिथेच ठप्प. म्हणजे लोगोच्या जागी नुसता काळा पट्टा खाली आला तर समजायचं की मशीनला कॅसेट दिसतच नाहीये. लोगो तुटका-फुटका, रेघारेघांचा आला तर काही पट्ट्या टेकतायत काही नाही. दोन्ही वेळा मशीन स्वतः जिवंत आहे हे तर उघडच आहे, नाहीतर पट्टा तरी कोणी दाखवला असता! आणि लोगो नीट येऊन गेम नंतर मध्येच अडकत असेल तर कॉन्टॅक्टबरोबर सेलवरही संशय घ्या. गेम बॉय ॲडव्हान्स ह्या नंतरच्या मॉडेलमध्ये थोडं वेगळं, तिथे कॅसेट नीट वाचता आली नाही तर गेम बॉय ही रंगीत अक्षरं येतात पण खाली कंपनीचं नाव उमटत नाही आणि ते तिथेच थांबून राहतं.

दुसरी कॅसेट मिळाली तर लगेच लावून बघा, आणि हीच कॅसेट दुसऱ्या मशीनमध्ये. एवढ्याने अर्धा निकाल लागतो, तुमच्या चौकटीत पहिली ओळ खरं तर हीच हवी होती.

साफसफाई करायची ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने, शक्यतो ९० टक्क्यांच्या वरचं. हँड सॅनिटायझर नको, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं, मागे चिकट थर राहतो. आधी सेल काढून ठेवा, मग इअरबड अल्कोहोलमध्ये जरासा भिजवून कॅसेटच्या पट्ट्यांवर फिरवा, बड काळा झाला की नवीन घ्या, काळा निघायचा थांबेपर्यंत. जुन्या गेम बॉयच्या कॅसेटला ३२ पट्ट्या असतात, त्यातली एक जरी नीट टेकली नाही तरी खेळ खलास होऊ शकतो, म्हणून कडेच्या दोन विसरू नका, तिथे बड नेमका पोचत नाही. स्लॉटसाठी सोपा उपाय म्हणजे अल्कोहोलने किंचित ओल्या केलेल्या पट्ट्यांची कॅसेट चार-सहा वेळा आत-बाहेर करायची आणि पूर्ण सुकल्याशिवाय मशीन चालू करायचं नाही. पॉलिश पेपर तर अजिबात नको. खोडरबराबद्दल मतं वेगवेगळी आहेत, माझं विचाराल तर अल्कोहोलने काहीच फरक पडला नाही तरच, पांढरा मऊ रबर, अगदी हलक्या हाताने, कारण पट्टीवरचा सोन्याचा पातळ मुलामा एकदा गेला की परत येत नाही.

तरी चालत नसेल तर पॉवरकडे वळा, आणि इथे लोक फार चकतात. लाल दिवा लागला म्हणजे करंट पुरेसा येतोय असं नाही. गेम सुरू होताना दिवा मंद होत असेल तर सेल उतरलेत, किंवा सेलच्या डब्यातल्या पत्र्यांवर गंज आहे, किंवा चालू-बंद करायचं बटणच आतून काळवंडलंय. बटणाला सेल काढून पंधरा-वीस वेळा इकडून तिकडे सरकवलं तरी बऱ्याचदा सुधारतं, नाहीतर आत थोडा कॉन्टॅक्ट क्लीनर (विजेचे कॉन्टॅक्ट साफ करायचा स्प्रे) मारा. पत्र्यांवर पांढरा-हिरवा भुगा दिसला तर ती अल्कलाइन सेलची गळती, ती अल्कधर्मी असते म्हणून बड व्हिनेगरमध्ये बुडवून पुसलं की निघते, नंतर अल्कोहोलने पुसून घ्यायचं म्हणजे व्हिनेगर मागे राहत नाही. पहिल्या गेम बॉयला चार पेन्सिल सेल लागतात, चारही एकदम नवे टाका, तीन जुने एक नवा हा जुगाड नको.

गेम बॉय ॲडव्हान्सची एक गंमत माहीत असलेली बरी. त्याच्या स्लॉटमध्ये आत एका बाजूला बारीकसा स्विच असतो. जुन्या गेम बॉयची कॅसेट घातली की तिच्या आकाराने तो दाबला जातो आणि मशीन जुन्या मोडमध्ये, ५ व्होल्टवर जातं, ॲडव्हान्सच्या कॅसेटला मात्र कोपऱ्यात खाचा असतात त्यामुळे तो दाबला जात नाही आणि ३.३ व्होल्ट मिळतात. हा स्विच धुळीने दाबलेलाच अडकला तर जुने गेम मस्त चालतात आणि ॲडव्हान्सचा एकही चालत नाही. असं झालं की कॅसेटा घासत बसू नका, तो स्विच मोकळा करा.

आणि कधीकधी बिघाड नसतोच, जोडी चुकीची असते. गेम बॉय कलरसाठीच बनवलेली पारदर्शक कॅसेट पहिल्या गेम बॉयमध्ये घातली तर पॉवरचं बटणच पुढे सरकत नाही, कारण बटणाची जीभ ज्या खाचेत बसते ती खाच त्या कॅसेटला नाही, मग लोक बटण मोडेपर्यंत जोर लावतात. निंटेंडो डीएसमध्ये ॲडव्हान्सचे गेम चालतात पण त्याआधीचे नाही, गेम बॉय मायक्रोचं पण तेच.

सेव्ह, म्हणजे गेम जिथवर खेळला ती नोंद, जातोय ही तक्रार वेगळी. बऱ्याच कॅसेटांमध्ये आत बटण सेल असतो, सीआर२०२५ किंवा सीआर१६१६, तो संपला की सेव्ह उडतो, पण गेम लोड व्हायचा तो होतोच. म्हणजे गेम लोड होत नाही म्हणून तो सेल बदलण्यात अर्थ नाही, उलट काढल्या क्षणी असलेला सेव्ह पण जाईल.

हल्ली जुन्या गेमसाठी नव्याने बनवलेली हँडहेल्ड मिळतात, त्यातल्या बऱ्याच मशीनमध्ये कॅसेट नसून मेमरी कार्ड असतं, त्यांचं दुखणं निराळं. लोगोवर अडकलं, किंवा काल दिसणारे गेम आज यादीतून गायब झाले, की पहिला संशय कार्डावर, मशीनबरोबर आलेलं बिनानावाचं कार्ड असेल तर जास्तच. कॉम्प्युटरला लावून जेवढं वाचता येतंय तेवढं आधी कॉपी करून घ्या, मग चांगल्या कार्डावर सिस्टीम नव्याने टाका. विंडोज ‘फॉरमॅट करायचं का’ असं विचारतं तेव्हा लगेच हो म्हणू नका, काही कार्डांवर लिनक्स ह्या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमचा भाग असतो जो विंडोजला कळत नाही, कार्ड खराब नसतंच. यादीत गेम दिसतोय पण उघडत नाही असं असेल तर फाइल चुकीच्या फोल्डरमध्ये गेलीय का, अर्धवट कॉपी झालीय का ते बघा, आणि प्लेस्टेशनसारख्या सिस्टीमचे गेम काही एम्युलेटरमध्ये (जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) बायॉसची, म्हणजे मूळ मशीनच्या आतल्या प्रोग्रामची, फाइल नसली तर उघडतच नाहीत, तिथे नुसती काळी स्क्रीन येते.

हे सगळं करूनही काळा पट्टाच येत असेल तर मग स्लॉटची पिन वाकलीय का, कुठे सोल्डरचा टाका सुटलाय का हे बघायला मशीन उघडावं लागतं, त्याला तीन पाकळ्यांचा स्क्रूड्रायव्हर लागतो, साध्याने प्रयत्न केला तर स्क्रूचं डोकं झिजतं आणि मग ते कोणालाच उघडता येत नाही. सोल्डरिंग येत नसेल तर ह्या टप्प्यावर जाणकाराकडे द्या आणि देताना स्क्रीनवर काय दिसतं त्याचा फोटो सोबत द्या, त्याचं अर्धं काम वाचेल.

कळावे,
एक नियमित वाचक