मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वीच्या मोजमापाची चिठ्ठी रुग्णाच्या हाती द्यावी

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

माझ्या ७१ वर्षांच्या आईच्या उजव्या डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली, तेव्हा नाशिकमधील एका रुग्णालयात ऑप्टिकल, म्हणजे प्रकाशाच्या साहाय्याने मोजणाऱ्या, यंत्रावर डोळ्याचे मोजमाप होऊन बसवायच्या भिंगाचा नंबर २० निघाला. आठवड्याने दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यायला गेलो, तर तिथे तो २१ आला. दोन्ही चिठ्ठ्या मागून घेतल्या आणि घरी शेजारी ठेवून पाहिल्या. डोळ्याची लांबी एकीत २३.४१ मिलिमीटर होती, दुसरीत २३.४२, म्हणजे यंत्रांचे एकमत होते. कॉर्नियाच्या, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याच्या, वक्रतेत मात्र जवळपास एक डायॉप्टरचा (भिंगाचा नंबर मोजायचे एकक) फरक होता. चौकशीअंती कळले की, पहिल्या वेळी डोळा बधिर करणारे थेंब घालून, डोळ्याला उपकरण टेकवून दाब तपासला होता आणि लगेच आईला यंत्रासमोर बसवले होते. वक्रता मोजली जाते ती अश्रूंच्या पातळ थरावरून परतणाऱ्या प्रकाशावरून, आणि तोच थर थेंबांनी व स्पर्शाने विस्कटलेला होता.

या यंत्रांवर अविश्वास दाखवण्याचा माझा हेतू मुळीच नाही. १९९९ च्या सुमारास हे तंत्र वापरात आले, त्याआधी ध्वनिलहरींचा ए-स्कॅन डोळ्याला टेकवून लांबी मोजत. त्यात हात किंचित जड पडला तरी डोळा दबून लांबी कमी भरायची. लांबीत एक मिलिमीटर चुकले तर भिंगाचा नंबर साधारण अडीच ते तीनने चुकतो, हे लक्षात घेतले म्हणजे स्पर्शाविना मोजण्याचे मोल कळते. पण यंत्र समोर येईल तो डोळा मोजते. कोरडेपणा असेल, कॉन्टॅक्ट लेन्स आदल्या दिवसापर्यंत वापरली असेल, पूर्वी चष्मा घालवण्याची लेसर शस्त्रक्रिया झालेली असून ती सांगायची राहिली असेल, तर छापील आकडा नेटका दिसूनही भिंग चुकू शकते. शिवाय मोतीबिंदू पूर्ण पिकलेला असेल तर प्रकाश आत पोहोचतच नाही. जिल्ह्यातील पेठ, सुरगाणा या दूरच्या तालुक्यांतून उशिरा येणाऱ्या वृद्धांच्या बाबतीत ही अडचण येऊ शकते, आणि मग ध्वनिलहरींकडेच वळावे लागते. तेव्हा उपकरण डोळ्याला न टेकवता मध्ये द्रव ठेवून मोजण्याची पद्धत वापरावी, एवढा आग्रह शिबिरांतही धरायला हवा.

जिल्ह्यातील सर्व नेत्ररुग्णालयांना आणि शिबिरांच्या आयोजकांना माझी कळकळीची विनंती आहे की, दाब तपासण्याआधी आणि कोणतेही थेंब घालण्याआधी मोजमाप करावे, दोन डोळ्यांच्या लांबीत ०.३ मिलिमीटरहून अधिक तफावत दिसल्यास ते पुन्हा करावे, यंत्राची नमुना-डोळ्यावर (ठरलेल्या मापाच्या कृत्रिम डोळ्यावर) तपासणी कधी झाली त्याची नोंद ठेवावी, आणि दोन्ही डोळ्यांचे आकडे व मोजण्याची पद्धत लिहिलेली चिठ्ठी न मागता रुग्णाला द्यावी. आम्हाला ती मागावी लागली, आणि मागितली नसती तर फरक कळलाच नसता.

तिसऱ्यांदा, सकाळी थेंबांविना मोजल्यावर २१ हाच नंबर कायम झाला आणि तेच भिंग बसवले. आई आता पोथी वाचायची सोडून बाकी सगळे चष्म्याविना करते. डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया अजून व्हायची आहे. उजव्या डोळ्याचा अंदाज कितपत खरा ठरला हे त्या वेळी डॉक्टरांना उपयोगी पडते, म्हणून तिन्ही चिठ्ठ्या तिच्या फाइलमध्ये लावून ठेवल्या आहेत.

आपला,
एक वाचक, पंचवटी, नाशिक