त्या दोन सर्व्हिसबद्दल

प्रिय बाळा,

त्या बॅडमिंटनच्या मॅचला आज बारा दिवस झाले. तू रोज सरावाला जातेस, हसतेस, बोलतेस, वरून सगळं ठीक दिसतं. पण काल मी हॉलच्या दारात उभी राहून थोडा वेळ तुझा सराव पाहिला. तू एकटीच सर्व्हिस करत होतीस आणि दर वेळी आधी स्वतःच्या मनगटाकडे बघत होतीस. तेव्हाच ठरवलं, हे लिहायचंच. समोर बसून बोलायला गेले तर तू "आई, नको ना तो विषय" म्हणशील.

तिसऱ्या गेममध्ये १९-१६ अशी पुढे असताना तुझी सर्व्हिस नेटमध्ये गेली. २०-१८ ला पुन्हा गेली. मग २०-२२, आणि मॅच गेली. परतताना तू एवढंच म्हणालीस, "माझं मनच कच्चं आहे." मी काहीतरी समजुतीचं बोलले, पण खरं उत्तर तेव्हा माझ्याकडे नव्हतं. आता आहे असं वाटतं.

मी काय पाहिलं ते आधी सांगते. पहिल्या गेममध्ये तू शटल पिसांना धरून रॅकेटसमोर आणायचीस, नजर नेटच्या पट्टीवर जायची आणि शटल निघून जायचं. तिथे विचार करायला जागाच नव्हती. १९-१६ ला तू हात पुसलास, ग्रिप दोनदा बदललीस, अंगठा नीट बसला का ते पाहिलंस. आणि २०-१८ ला गॅलरीतून कोणीतरी ओरडलं, "मनगट सांभाळ!" ती मीच होते. तू लगेच मनगटाकडे पाहिलंस. तुझी मान खाली वळलेली मला अजून दिसते.

त्याबद्दल मी मनापासून माफी मागते. मदत करायची म्हणून ओरडले आणि नेमकं जे करायला नको होतं तेच तुझ्याकडून करवून घेतलं.

नवीन काही शिकताना प्रत्येक हालचालीकडे लक्ष द्यावंच लागतं. तीच गोष्ट हजारो वेळा केली की ती अंगात मुरते, सलग होते. दडपण आलं की माणूस घाबरून ती सलग हालचाल पुन्हा सुटी करतो, बोट, अंगठा, मनगट असं एकेक तपासायला लागतो, आणि घडी विस्कटते. सियान बायलॉक या मानसशास्त्रज्ञ आणि तिच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये फुटबॉलपटूंवर केलेला प्रयोग मी दोनदा वाचला. खेळाडूंना अडथळ्यांमधून चेंडू न्यायचा होता. एका फेरीत त्यांनी पायाची कुठली बाजू चेंडूला लागते याकडे लक्ष द्यायचं होतं, दुसऱ्या फेरीत कानावर पडणाऱ्या शब्दांमधला एक ठरलेला शब्द टिपायचा होता. मुरलेले खेळाडू उजव्या पायाने खेळताना स्वतःच्या पायाकडे लक्ष दिलं की मंदावले. शब्द ऐकताना ते जास्त चांगले खेळले. पण त्याच खेळाडूंना कमी सवयीच्या डाव्या पायाने खेळायला लावलं, तेव्हा मात्र पायाकडे लक्ष दिल्याचा फायदा झाला! नवशिक्यांचंही तसंच.

म्हणजे चूक करणारं मन कच्चं नव्हतं. ते जरा जास्तच काळजी घेत होतं, तेही अशा गोष्टीची जी तुझ्या हाताला आधीच येते. आणि बारा दिवस तू जो सराव करते आहेस तो नेमकी तीच सवय पक्की करतो आहे. मला सगळ्यात काळजी त्याची वाटते.

मग लक्ष द्यायचं कुठे? अंगाबाहेर. गॅब्रिएल वुल्फ यांनी १९९८ मध्ये स्कीइंगच्या सराव-यंत्रावर लोकांना शिकवलं. काहींना पायांकडे लक्ष द्यायला सांगितलं, काहींना पायाखालच्या चाकांकडे. अंतर फक्त काही सेंटिमीटरचं, पण चाकांकडे लक्ष देणारे चांगले शिकले. जोन विकर्स यांनी १९९६ मध्ये बास्केटबॉलमधल्या फ्री थ्रोचा अभ्यास केला. तिथे निष्णात खेळाडूंची नजर चेंडू सोडण्याआधी एका जागी जास्त वेळ स्थिर राहत होती. तुझ्यासाठी ती जागा म्हणजे नेटची पांढरी पट्टी. तिच्यावरचा एखादा टाका निवड. पहिल्या गेममध्ये तुझी नजर तिथेच जायची, हे तुला कोणी शिकवलंही नव्हतं.

पोटात गोळा येतो, छाती धडधडते, त्याबद्दलही तू बोलली होतीस. ते घालवायचा हट्ट धरू नकोस. ताण आणि कामगिरीचा तो उलट्या 'यू'सारखा आलेख (ताण मध्यम असला की खेळ सगळ्यात चांगला) सगळीकडे दाखवतात, पण त्याचं मूळ १९०८ मधल्या उंदरांवरच्या प्रयोगात आहे. मला क्रीडा-मानसशास्त्रज्ञ युरी हानिन यांचं म्हणणं जास्त पटतं: प्रत्येक खेळाडूचा ताणाचा स्वतःचा एक पट्टा असतो. कोणी शांत असताना उत्तम खेळतो, कोणी चांगला पेटलेला असताना. तुझ्या चांगल्या मॅचेस आठव. त्या दिवशी तू शांत होतीस का? मला तर तू खोलीत येरझाऱ्या घालताना आठवतेस. ॲलिसन वूड ब्रूक्स यांनी २०१४ मध्ये दाखवलं की गाणं, भाषण किंवा गणित समोर असताना "मी शांत आहे" असं स्वतःला सांगणाऱ्यांपेक्षा "मला उत्साह वाटतोय" म्हणणाऱ्यांना ते चांगलं जमलं. धडधड तीच राहते, फक्त तिला नाव दुसरं द्यायचं.

मनातल्या मनात मॅच खेळायला तुझे सर सांगतात. ते जरूर कर, पण फक्त जिंकलेली मॅच खेळू नकोस. मायकेल फेल्प्स बिघडलेली शर्यतही मनात पोहून ठेवायचा. २००८ मध्ये बीजिंगला २०० मीटर बटरफ्लायमध्ये त्याच्या गॉगलमध्ये पाणी भरलं, पुढचं दिसेना. त्याने हात मोजत शर्यत पुरी केली आणि विश्वविक्रमासह सुवर्ण जिंकलं. तू मनात २०-१८ ला नेटमध्ये गेलेली सर्व्हिस बघ, आणि तिच्यानंतरचा श्वास, तिच्यानंतरची रॅली बघ. मला विचारशील तर तुझी मॅच त्या सर्व्हिसने गेली नाही. ती गेल्यानंतरचे तीन पॉइंट तू त्या सर्व्हिसमध्येच अडकून खेळलीस. रॉजर फेडररने २०२४ च्या एका दीक्षान्त भाषणात स्वतःचे आकडे सांगितले. १,५२६ एकेरी सामन्यांपैकी जवळजवळ ८० टक्के जिंकले, पण पॉइंट मात्र फक्त ५४ टक्के. त्याच्यासारख्या खेळाडूचेही जवळजवळ अर्धे पॉइंट जातच होते.

अजून एक माझ्याकडून राहिलं आहे. फायनल गाठलीस तर नवी रॅकेट, असं मी म्हटलं होतं. एडवर्ड डेसी यांनी १९७१ मध्ये काही विद्यार्थ्यांना कोडी सोडवायचे पैसे दिले. पैसे थांबल्यावर तीच कोडी मोकळ्या वेळात सोडवाविशी त्यांना कमी वाटली. हे वाचलं आणि मला भीती वाटली. तुला हा खेळ सात वर्षांची असल्यापासून आवडतो. मी त्याला उगाच अट लावली. रॅकेट मी घेतली आहे, तुझ्या कपाटात ठेवली आहे. ती कशाचंही बक्षीस नाही. जुनीच बरी वाटत असेल तर तीच वापर.

आणि उद्या मी तुझ्याबरोबर हॉलवर येते, तुला चालणार असेल तर. मी बाजूला बसून काहीही शब्द वाचत राहीन: दार, पाऊस, चमचा, डोंगर. 'डोंगर' आला की तू "हो" म्हणायचं. बाकी वेळ पट्टीवरचा तो टाका बघायचा आणि सर्व्हिस करत राहायचं. शटलं मी गोळा करीन.

तुझी,
आई