फेरमोजणी म्हणजे नेमके काय मोजायचे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

निकाल अटीतटीचा लागला की 'पुन्हा मोजा' ही मागणी होतेच, आणि ती मान्य झाली नाही की 'काहीतरी शिजले' असे बोलले जाते. मतपत्रिकांच्या काळात शिक्षक म्हणून मतमोजणीच्या कामावर मी काही वेळा होतो, म्हणून फेरमोजणीविषयीचे काही गैरसमज दूर करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

सर्वांच्या स्मरणात असलेले उदाहरण मुंबई उत्तर पश्चिम लोकसभा मतदारसंघाचे आहे. ४ जून २०२४ रोजी तेथे रवींद्र वायकर यांना ४,५२,६४४ आणि अमोल कीर्तिकर यांना ४,५२,५९६ मते मिळाली, म्हणजे फरक अवघ्या ४८ मतांचा. यंत्रांतील मतांत कीर्तिकर एका मताने पुढे होते. टपाली मते वायकरांना १,५५० आणि कीर्तिकरांना १,५०१ मिळाली आणि निकाल फिरला. नऊ लाखांहून अधिक मतांचा कौल शेवटी टपालाने आलेल्या तीन हजार पाकिटांवर ठरला.

फेरमोजणी झाली की आकडा बदलेल, अशी सर्वसाधारण समजूत असते. पूर्वी ती खरी होती. पंचवीस-पंचवीस मतपत्रिकांचे गठ्ठे बांधताना एखादी पत्रिका भलत्याच गठ्ठ्यात जात असे, शिक्का दोन चिन्हांच्या मधल्या रेषेवर पडलेला असे, चुकीच्या घडीमुळे शाई दुसऱ्या चिन्हावर उमटलेली असे, आणि त्यावर दोन्ही बाजूंचे प्रतिनिधी टेबलाच्या जाळीपलीकडून तासभर हुज्जत घालीत. मतदान यंत्राच्या कंट्रोल युनिटवरचे (मते साठवणाऱ्या भागावरचे) निकालाचे बटण मात्र कितीही वेळा दाबले तरी तोच आकडा येणार. चूक झालीच असेल तर तो आकडा कागदावर उतरवताना किंवा बेरजेत झालेली असणार. त्यामुळे आज फेरमोजणीचा अर्थ मुख्यतः चार गोष्टींपुरता उरतो: बाद ठरवलेल्या टपाली मतपत्रिका, मतदान केंद्रावर भरल्या जाणाऱ्या नमुना १७ सी मधील झालेल्या मतदानाचा आकडा आणि यंत्रातील आकडा यांचा मेळ, काही तफावतीमुळे बाजूला ठेवलेली यंत्रे आणि व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या, म्हणजे मत दिल्यावर यंत्रालगत छापल्या जाणाऱ्या कागदी पावत्या.

यातील टपाली मतांचा भाग लोकांना सर्वात कमी ठाऊक असतो. घोषणापत्रावर मतदाराची सही नसली, ती साक्षांकित नसली किंवा पाकिटावरचा आणि पत्रिकेचा क्रमांक जुळला नाही, तर मत बाद होते. विजयाचे अंतर बाद टपाली मतांपेक्षा कमी असेल, तर त्या सर्व बाद मतपत्रिका पुन्हा तपासणे निवडणूक आयोगाच्या सूचनेनुसार बंधनकारक आहे. आपल्याकडे अंतर कमी म्हणून आपोआप होणारी पडताळणी जवळजवळ एवढीच, आणि तीही उमेदवारांना मिळालेल्या सर्व मतांची नव्हे. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात अंतर अर्धा टक्का किंवा त्याहून कमी असले की यंत्राने फेरमोजणी कायद्यानेच होते. आपल्या कायद्यात अशी रेषा आखलेली नाही.

बाकी सारे अर्जावर अवलंबून असते. निवडणूक संचालन नियम, १९६१ मधील नियम ६३ सांगतो की निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने एकूण मते जाहीर केल्यावर उमेदवाराने किंवा त्याच्या प्रतिनिधीने कारणांसह लेखी अर्ज करायचा असतो. अधिकारी तो पूर्णतः किंवा अंशतः मान्य करू शकतो, किंवा क्षुल्लक वाटल्यास फेटाळू शकतो. पण निर्णय लेखी आणि सकारण हवा. अधिकाऱ्याने निकालपत्रकावर सही केली की पुढे एकही अर्ज स्वीकारता येत नाही. व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या मोजून घेण्याचा अर्ज त्याच नियमांतील नियम ५६ डी खाली करावा लागतो आणि यंत्राचा व चिठ्ठ्यांचा आकडा जुळला नाही तर चिठ्ठ्यांचा आकडा ग्राह्य धरला जातो. मात्र हे सारे घडायचे ते काही मिनिटांच्या अवधीत, बाहेर गुलाल उधळला जात असताना आणि आतले प्रतिनिधी पहाटेपासून उपाशी बसलेले असताना. वेळ टळली की पंचेचाळीस दिवसांत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका करणे हाच मार्ग राहतो, आणि तेथे नुसता संशय चालत नाही. कोणत्या चुकीमुळे निकालावर परिणाम झाला ते नेमकेपणाने मांडावे लागते. कीर्तिकरांची याचिका मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये फेटाळली.

मोजून मोजून बरोबरीच झाली तर कायदा उमेदवारांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकून निवड करायला सांगतो. मुंबई महापालिकेच्या २०१७ च्या निवडणुकीत प्रभाग २२० मध्ये दोन उमेदवारांना प्रत्येकी ५,९४६ मते पडली आणि नगरसेवक चिठ्ठीने ठरला. (राजस्थानात २००८ मध्ये सी. पी. जोशी नाथद्वारातून एका मताने हरले, त्यांच्या वाट्याला चिठ्ठीसुद्धा आली नाही.)

माझे म्हणणे एवढेच आहे की फेरमोजणीचा हक्क अर्जदाराच्या चपळाईवर सोडू नये. विजयाचे अंतर ठरावीक टक्क्याच्या आत असेल, तर बाद टपाली मते, सर्व केंद्रांचे १७ सी नमुने आणि उमेदवारांनी निवडलेल्या काही केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या निकालपत्रकावर सही होण्यापूर्वी आपोआप तपासल्या जाव्यात. त्यात निकाल काही तास लांबेल, पण तो पाच वर्षांसाठी असतो. नियमांत ही दुरुस्ती होईल तेव्हा होवो. तोवर मतमोजणी प्रतिनिधींना ओळखपत्र देताना नियम ६३ आणि ५६ डी यांचा मराठी उतारा आणि अर्जाचा कोरा नमुना सोबत द्यावा. त्याला कायदा बदलावा लागत नाही, दोन पाने छापावी लागतात.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, सातारा