थैयातच्या पाऊलखुणांना राखण हवी

मा. केंद्रीय खाण मंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

मी ठाण्यात राहणारा एक सेवानिवृत्त शिक्षक आहे. आमच्याकडचा पारसिकचा डोंगर लाव्हाच्या काळ्या पाषाणाचा असल्यामुळे त्यात डायनोसॉरची पाऊलखूण शोधण्यात अर्थ नाही. ती पाहायची तर बाहेरगावीच जावे लागते. म्हणून गेल्या हिवाळ्यात नातीला घेऊन मी जैसलमेरजवळच्या थैयात गावी गेलो. जुरासिक कालखंडावरील आंतरराष्ट्रीय परिषदेसाठी आलेल्या संशोधकांना 2014 साली तेथील वालुकाश्मात मांसाहारी डायनोसॉरच्या तीन बोटांच्या खुणा आढळल्या होत्या. एक जेमतेम 5 सेंटीमीटरची, तर दुसरी, ‘यूब्रॉन्टिस’ असे नाव दिलेल्या मोठ्या पाऊलखुणांच्या प्रकारातली, सुमारे 30 सेंटीमीटरची. पुढे ही मोठी खूणच जागेवरून नाहीशी झाल्याच्या बातम्या आल्या.

आम्ही भर दुपारी पोहोचलो, ही चूक माझी. ऊन डोक्यावर असले की खडक सपाट दिसतो आणि उथळ खळगे नजरेत भरत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळच्या तिरप्या उन्हात तेच खळगे सावलीने भरून उठून दिसू लागले. पण त्यांतला पावलाचा कोणता आणि वाऱ्यापावसाने झिजलेला कोणता, हे सांगणारा माणूस तर सोडाच, साधा फलकही आम्हांला आढळला नाही. नात प्रत्येक खळग्यापाशी उकिडवी बसून, ‘आजोबा, हे का?’ असे विचारत होती.

त्याच जैसलमेरजवळ अकल येथे अश्मीभूत वृक्षांचे खोड लोखंडी जाळीखाली सुरक्षित आहे, कारण आपल्या मंत्रालयाच्या अखत्यारीतील भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने त्या जागेला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक मानले आहे. पाऊलखुणेला तर ही काळजी अधिकच हवी. हाड संग्रहालयात नेले तरी त्याचा अभ्यास होतो. खूण मात्र उचलली की दोन पावलांमधले अंतर गेले, आणि त्यावरून बांधायचा वेगाचा व दिशेचा अंदाजही गेला.

अमेरिकेतील कनेटिकट राज्यात रॉकी हिल येथे 1966 साली सरकारी इमारतीसाठी खोदकाम करताना यूब्रॉन्टिसच्याच खुणा निघाल्या, तेव्हा इमारतीचा बेत सोडून तेथे उद्यान करण्यात आले. आज तेथील सुमारे 500 खुणांवर घुमट आहे, आणि आलेल्या लोकांना प्लास्टरमध्ये ठसा काढून घरी नेण्याची सोयही आहे. घरी नेण्याजोगे काही हाती पडले, तर मूळ दगडाला हात घालण्याचा मोह कमी होतो, असे मला वाटते.

घुमटाची मागणी मी करीत नाही. थैयातला कुंपण, मराठीसह काही भाषांतील फलक आणि गावातलाच एखादा पगारी राखणदार, इतके झाले तरी पुष्कळ. भूवारसा स्थळांच्या जतनासाठी आपल्या मंत्रालयाने डिसेंबर 2022 मध्ये जो विधेयकाचा मसुदा जाहीर केला होता, तोही संसदेपुढे आणावा.

येत्या नाताळच्या सुटीत आम्ही पुन्हा जाणार आहोत, या खेपेला सकाळीच. तोवर निदान फलक लागावा, ही विनंती.

आपला नम्र,
एक ठाणेकर