चिनूला उशीर झालेला नाही

पुणे, रविवार

ती. आई-बाबांना शि. सा. नमस्कार.

काल दादाचा फोन आला होता. चिनूच्या तिरळ्या डोळ्याचं विचारलं तर म्हणाला, "आई म्हणते, अकरावं लागलं, उशीर झाला. आता ऑपरेशन म्हणजे नुसतं दिसण्यापुरतं." तेव्हापासून मन लागत नाहीये, म्हणून लिहायला बसले.

आई, माझं हेच ऑपरेशन चौतिसाव्या वर्षी झालं. आठवतं, सुरुवातीला मला सगळं दोन-दोन दिसायचं आणि तू देवासमोरून उठत नव्हतीस? ते महिन्याभरात ओसरलं. पुढे तपासणीला गेले तेव्हा वस्तूंची खोली दिसते का ते बघायला डॉक्टरांनी खास चष्मा लावून माशीचं मोठं चित्र दाखवलं. आधी ती मला सपाट, छापील दिसायची. या वेळी पंख कागदावर उचललेले दिसले. चिमटीत धरायला गेले तर बोटं कागदाच्या वर, हवेतच मिटली.

पण खरं कळलं ते संक्रांतीला. बाबा, तुमचा डबा घेऊन कारखान्यात आले होते ना, तेव्हा. चादरीच्या मागावरचे ताण्याचे उभे धागे मला लहानपणापासून भिंतीवर ओढलेल्या रेघांसारखे दिसायचे. त्या दिवशी अर्धे धागे वर गेले, अर्धे खाली राहिले, आणि मधली पोकळी दिसली. आडवा धागा घेऊन धोटा त्या पोकळीतून पलीकडे गेला. तुम्ही विचारलंत, "काय बघायलीस गं?" मला सांगताच आलं नाही.

ऑपरेशनआधी डॉक्टरांनी लहानपणचे फोटो मागितले होते. गड्ड्याच्या जत्रेतला, पाळण्यासमोरचा, त्यात मी अडीच वर्षांची आहे. दोन्ही डोळे सरळ. तिरळेपणा चौथ्या वर्षी आला. म्हणजे त्याआधी माझा मेंदू दोन डोळ्यांची चित्रं जुळवायला शिकलेला होता. जन्मापासून डोळा तिरळा असेल तर हे नंतर मिळणं फार अवघड, तरी आत वळलेला डोळा सरळ झाला की बाजूचं जास्त दिसतं, तेही थोडं नाही. हमी कुणी देत नाही, कधी दुसरं ऑपरेशनही लागतं. अमेरिकेतल्या सूझन बॅरी या मेंदूविज्ञानाच्या प्राध्यापिकेची ऑपरेशनं लहानपणीच झाली, डोळे दिसायला सरळही झाले, पण वस्तूंची खोली दिसू लागली ती डोळ्यांचे व्यायाम करून, वयाच्या ४८व्या वर्षी.

माझ्या वेळी सगळ्यांनी तुम्हाला "लक्ष्मीचा डोळा आहे, हात लावू नका" असंच सांगितलं. माझ्या मनात त्याचं काही नाही, तुम्हीही ठेवू नका. पण चिनूच्या बाबतीत आता कुणाचं ऐकू नका. पहिलीत जाईपर्यंत तिचा डोळा नीट होता, मला चांगलं आठवतंय.

शनिवारी मी येतेय. सोमवारी तिला मीच दवाखान्यात नेईन. आई, बारशापासूनचे तिचे फोटो कपाटातून काढून ठेव, समोरून बघणारे तेवढेच.

तुमची,
माई