फोंड्याच्या ताईला, त्या एका लॉकसाठी मनापासून थँक्यू

ताई,

हे तुला व्हॉट्सॲपवरही लिहिता आलं असतं, पण मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितेय. फीचर कोणी केलं ते सगळ्यांच्या लक्षात राहतं, ते मुख्य कोडमध्ये मर्ज व्हायच्या आधी बसून कोणी वाचलं ते कोणी विचारत नाही, आणि मला ते खटकतं. नाव घालू नको म्हणालीस म्हणून नुसतं ताई.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आमच्या टीमकडे क्यूईएमयूवर (कॉम्प्युटरच्या आत दुसरा, व्हर्च्युअल कॉम्प्युटर चालवणारं ओपन-सोर्स सॉफ्टवेअर) बेतलेला डिस्क एम्युलेशनचा कोड आहे, म्हणजे व्हर्च्युअल मशीनला वाटतं आपल्याकडे खरीखुरी डिस्क आहे आणि मागे आमचा कोड तिचं सगळं लिहिणं-वाचणं एका फाईलवर करत असतो. त्यात एक जुनं मोठं लॉक होतं, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या थ्रेडपैकी (कामाच्या धाग्यांपैकी) एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप, रिक्वेस्ट आली की घ्या, पुरी झाली की परत घ्या, जिथे तिथे तेच. मूळ क्यूईएमयूने हे एआयओ-कॉन्टेक्स्ट लॉक एप्रिल २०२४ च्या ९.० मध्ये काढून टाकलं, त्याच व्हर्जनमध्ये एका डिस्कच्या रिक्वेस्टच्या वेगवेगळ्या क्यू वेगवेगळ्या आयओ-थ्रेडना (लिहिण्या-वाचण्याचं काम करणाऱ्या थ्रेडना) वाटून देता यायला लागल्या, मग आपणही काढूया असं ठरलं आणि काम माझ्याकडे आलं. मी काढलं. स्पीड वाढला, रात्रभर एफआयओ (डिस्कवर ताण देणारं टेस्टचं टूल) चालवलं तर एक एरर नाही, दोन थ्रेडची टक्कर पकडणारा थ्रेड-सॅनिटायझरही गप्प. मला वाटलं झालं काम, चवथीच्या आधी मर्ज होणार.

तू पॅच, म्हणजे माझा तो बदल, उघडलास आणि पहिलाच प्रश्न टाकलास, "हें लॉक कितें राखतालें तें आदीं सांग." मी लिहिलं की सगळा कोड आयओ-थ्रेडमध्येच चालतो म्हणून लॉकची गरज नाही. त्यावर तू लिहिलंस, डिस्क भरली की काय होतं ते बघ.

खरं सांगते ताई, तो रस्ता मी वाचलाच नव्हता. लिहिताना जागा संपली तर डीफॉल्ट सेटिंगमध्ये गेस्टला (व्हर्च्युअल मशीनच्या आत चालणाऱ्या सिस्टिमला) एरर जात नाही, मशीन पॉज होतं आणि ती रिक्वेस्ट एका अडलेल्या रिक्वेस्टच्या लिस्टमध्ये जाऊन बसते. कोणीतरी जागा मोकळी करून मशीन पुन्हा चालू केलं की ती लिस्ट उचलून सगळ्या रिक्वेस्ट परत पाठवल्या जातात. लिस्टमध्ये टाकतो आयओ-थ्रेड. उचलतो मात्र मेन थ्रेड! हे दोघे इतकी वर्षं एकमेकांच्या पायात आले नाहीत ते त्या जुन्या लॉकमुळे, आणि कोडमध्ये त्याबद्दल एक ओळ कमेंट नाही, म्हणजे लॉक काय राखतंय ते लिहिणाऱ्यालाही कदाचित माहीत नसेल. माझा पॅच गेला असता तर एखादी रिक्वेस्ट लिस्टमधून गळून पडली असती आणि गेस्ट तिची वाट बघत बसला असता, किंवा तीच रिक्वेस्ट दोनदा गेली असती आणि दुसऱ्यांदा आमचा कोड फ्री झालेल्या मेमरीला हात लावत असता. आणि हे कुठे, तर कोणाच्यातरी डेटाबेसखालच्या डिस्कवर. सॅनिटायझर का गप्प होता तेही तेव्हा कळलं, जो कोड चाललाच नाही त्यातली रेस, म्हणजे थ्रेडची टक्कर, तो दाखवणार कसा, आणि माझ्या एकाही टेस्टमध्ये डिस्क भरत नव्हती.

तू तिथेच पॅच नाकारून मोकळी होऊ शकली असतीस. तसं न करता शनिवारी भर पावसात कदंबा बस पकडून आलीस, रायबंदरला माझ्यासोबत फेरीत चढलीस आणि चोडणला आमच्या ओसरीवर बसून माझ्याकडून उत्तरं घेत एक कागद भरलास. स्ट्रक्चरमधलं एकेक फील्ड, समोर कोण वाचतो, कोण लिहितो, कुठल्या थ्रेडमधून. फेरीची गोष्ट माझ्या डोक्यात कायमची बसलीय. धक्क्यावर आधी उतरणाऱ्या गाड्या निघतात मग चढणाऱ्या, पोलीस लागत नाही कारण बोट एक आणि दोर सोडणारा माणूस एक. तू म्हणालीस, तुझ्या कोडमध्ये दोर सोडणारे दोघे आहेत, तू एकच धरून चाललीयस. त्या कागदावर तेवीस फील्ड भरली आणि त्यातली दोन अशी निघाली की जिथे मला उत्तर देता येईना. एक ही लिस्ट. दुसरं एक साधं काउंटर होतं, ते ॲटॉमिक करून (बदल मध्येच न तुटता एका झटक्यात होईल असं करून) मिटलं.

मग ती वेळ मुद्दाम आणायची कशी तेही तूच दाखवलंस. चौसष्ट एमबीच्या टीएमपीएफएसवर (रॅममधल्या तात्पुरत्या जागेवर) इमेज, म्हणजे डिस्कची फाईल, ठेवायची, गेस्टमधून लिहीत राहायचं, जागा संपून मशीन पॉज झालं की बाजूची एक फाईल उडवायची, मशीन चालू करायचं, परत जागा भरायची, असं लूपमध्ये, चार आयओ-थ्रेड देऊन. रात्री लावून झोपले. पहाटे पोदेराच्या (पाववाल्याच्या) भोंग्याने जाग आली, उंडे घ्यायला उठले आणि लॅपटॉप बघितला तर गेस्टच्या कन्सोलवर 'एकशेवीस सेकंदांहून जास्त अडकलंय' अशा अर्थाची कर्नलची ओळ. हातात पाव तसाच, मी उभ्याउभ्या तुला फोटो पाठवला. पावणेसहाला तुझा रिप्लाय आला, "सापडलं ना, आता शांतपणे चहा घे."

उपाय छोटासा निघाला. लिस्टपुरतं एक वेगळं छोटं लॉक, ते घ्यायचं, अख्खी लिस्ट लोकल व्हेरिएबलमध्ये काढून मूळची रिकामी करायची, लॉक सोडायचं आणि मगच रिक्वेस्ट परत पाठवायच्या, त्याही ज्या क्यूच्या आहेत त्याच क्यूच्या थ्रेडकडे. मी पहिल्यांदा लॉक धरूनच रिक्वेस्ट पाठवत होते, तेव्हा तू विचारलंस की ती रिक्वेस्ट लगेच परत फेल झाली तर? मग ती त्याच लिस्टमध्ये यायला बघणार, तेच लॉक मागणार, आणि आपणच आपल्याला अडवून बसणार. हे मला एकटीला सुचलं नसतं.

आणखी एका गोष्टीसाठी थँक्यू. माझा सगळा बदल एका कमिटमध्ये (एकाच नोंदीत) होता. मूळ क्यूईएमयूवाल्यांनी काय केलं ते तू उघडून दाखवलंस, आधी लॉक घेणारी आणि सोडणारी फंक्शन्स नुसती पोकळ केली, कॉल जागच्या जागी ठेवले, आणि त्यानंतर वेगळ्या कमिटमध्ये कॉल काढले. पुढे काही बिघडलं तर बायसेक्ट करताना (कमिट अर्धे-अर्धे करत दोषी कमिट शोधताना) बोट नेमकं त्या एका कमिटवर जातं, शेकडो ओळींच्या साफसफाईत शोधत बसावं लागत नाही. माझा पॅच मी पाच तुकड्यांत करून परत पाठवला आणि तू पाचही पुन्हा पहिल्यापासून वाचलेस, ऑफिसचं तुझं स्वतःचं काम सांभाळून.

पॅच चवथीच्या आधी गेला नाही, दसऱ्याला गेला. डिस्क भरायची ती टेस्ट आता रोज रात्री चालते आणि फील्डचा तो कागद टाईप करून हेडर फाईलमध्ये कमेंट म्हणून घातलाय, तुझ्या अक्षरातला मूळ कागद मात्र मी ठेवून घेतलाय. आईने नेवऱ्यांचा डबा तुझ्यासाठी बाजूला काढलाय, ती रोज विचारते ताई कधी येणार म्हणून. शेवटच्या फेरीचं टेन्शन घेऊ नको, राहायलाच ये.

तुझी,
चोडणची धाकटी